आयोडीनच्या बाटलीवरचे टक्के : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेडिकलच्या काउंटरमागे बसून बरीच वर्षं झाली, आणि आता व्हॉट्सअ‍ॅप आल्यापासून लोक थेट बाटलीचा फोटोच पाठवतात, खाली एकच ओळ, "हे चालेल का?" फोटोत अर्धं लेबल अंगठ्याखाली झाकलेलं आणि नेमका टक्क्याचा आकडा त्याच अंगठ्याखाली. तेच तेच प्रश्न परत परत येतात म्हणून सगळे एकदाच लिहून टाकतेय, पुढच्या वेळी लिंक पाठवेन. खोल जखम, मोठं भाजलेलं, न थांबणारं रक्त, चिघळून लाल रेष वर चढायला लागलेली असं काही असेल तर हे वाचत बसू नका, दवाखान्यात जा.

१. आयोडीन, टिंचर, बीटाडीन, ल्युगॉल हे सगळं एकच ना?

आतलं आयोडीन एकच, पण ते बाटलीत कशाच्या आधाराने राहिलंय ते वेगळं, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. आयोडीन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, एक लिटर पाण्यात फार तर तीन दशांश ग्रॅम. म्हणून त्याला कोणीतरी सोबती लागतो. अल्कोहोल आणि थोडं आयोडाइड, म्हणजे आयोडीनचाच क्षार, घेतलं की टिंचर. नुसतं पाणी आणि पोटॅशियम आयोडाइड घेतलं की ल्युगॉल, पॅरिसच्या ल्युगॉल नावाच्या डॉक्टरने १८२९ मध्ये केलेलं. आणि पोव्हिडोन नावाच्या लांबलचक पॉलिमरमध्ये आयोडीन अडकवलं की पोव्हिडोन आयोडीन, हे १९५० च्या दशकात अमेरिकेत निघालं. बीटाडीन हे त्याचंच एक ब्रँडनेम, जसं झेरॉक्स म्हटलं की लोकांना फोटोकॉपी कळते तसं. वोकाडीन, सिप्लाडीन ही पण त्याच जातीची. आयोडीन स्वतः मात्र त्याहून जुनं, १८११ मध्ये फ्रान्समध्ये बर्नार कुर्त्वा नावाचा रसायनतज्ज्ञ समुद्री शेवाळाच्या राखेशी खटपट करत होता आणि भांड्यातून जांभळी वाफ निघाली.

२. बीटाडीनवर १०% लिहिलंय आणि टिंचरवर २%. म्हणजे बीटाडीन पाचपट स्ट्राँग झालं ना?

नाही, उलट आहे. महिन्यातून दहा वेळा येणारा प्रश्न हाच, आणि चूक लोकांची नाही, लेबलांची आहे.

टक्के वाचताना आधी विचारायचं, कशाचे टक्के? टिंचरवरचे २% हे खऱ्या आयोडीनचे. बीटाडीनवरचे १०% हे पोव्हिडोन आणि आयोडीन मिळून जो अख्खा पदार्थ होतो त्याचे, आणि त्या पदार्थात आयोडीन असतं साधारण दहावा भाग. म्हणजे १०% पोव्हिडोन आयोडीनमध्ये कामाला येऊ शकेल असं आयोडीन १%. नारळवाल्याने शेंडी, करवंटी, पाणी सगळ्यासकट वजन सांगावं आणि शेजारच्याने नुसत्या किसलेल्या खोबऱ्याचं, तसं आहे हे. दोघंही खरं बोलतायत, पण तुम्ही दोन आकडे शेजारी ठेवून तुलना केलीत की फसलात.

बाटली हातात असेल तर मोठ्या अक्षरांच्या खाली बारीक ओळ शोधा, "उपलब्ध आयोडीन" अशा अर्थाची, तिथे १% किंवा ०.५% सापडेल. तुलना करायची तर त्या ओळीची करायची.

३. मग सगळ्यांचा हिशोब एका जागी द्या ना.

घ्या. पहिला आकडा बाटलीवरचा, दुसरा त्यातल्या खऱ्या आयोडीनचा:

पोव्हिडोन गुळण्यांचं २% : ०.२%
पोव्हिडोन सोल्यूशन किंवा मलम ५% : ०.५%
पोव्हिडोन सर्जिकल स्क्रब ७.५% : ०.७५%
पोव्हिडोन सोल्यूशन १०% : १%
साधं टिंचर, म्हणजे वीक आयोडीन : २%
ल्युगॉल : ५%
जनावरांचं कडक टिंचर : ७%

ल्युगॉलच्या बाबतीत एक फाटा आहे. त्यात ५% आयोडीन आणि वर १०% पोटॅशियम आयोडाइड असतं, त्या आयोडाइडमधलं आयोडीन पण धरलं तर एकूण बेरीज १२.६% च्या आसपास जाते. पण आयोडाइड जंतू मारत नाही, ते फक्त आयोडीनला पाण्यात धरून ठेवतं. जंतूंचा विचार करताना ५ धरा, थायरॉईडचा विचार करताना १२.६ धरा, कारण थायरॉईडला दोन्ही सारखीच (प्रश्न ११).

आणि कोणी पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाख भागांत किती भाग अशा मापात, बोललं तर घाबरू नका, १% म्हणजे १०,००० पीपीएम.

४. जास्त टक्के म्हणजे जास्त जंतू मरणार, हे तरी बरोबर ना?

इथेच खरी गंमत आहे. जंतू मारतं ते मोकळं आयोडीन, म्हणजे त्या क्षणी कोणाच्या तावडीत नसलेलं. पोव्हिडोनच्या १०% बाटलीत १०,००० पीपीएम आयोडीन आहे खरं, पण त्यातलं मोकळं किती, तर जेमतेम एक-दोन पीपीएम. बाकी सगळं पोव्हिडोनने धरून ठेवलेलं. आमच्या दुकानासारखंच, काउंटरवर दोन खोकी दिसतात, माल आत गोडाऊनमध्ये. काउंटरवरचं संपलं की आतून येतं.

आता याच्यात पाणी घातलं तर काय व्हावं? मोकळं आयोडीन कमी व्हावं असं वाटतं. पण होतं उलट, पोव्हिडोनची पकड सैल होते आणि मोकळं आयोडीन वाढत जातं, साधारण शंभरपट पातळ केल्यावर, म्हणजे ०.१% ला, ते २०-२५ पीपीएमपर्यंत पोचतं आणि त्याच्यापुढे पातळ केलं की मग खाली येतं. प्रयोगशाळेत स्वच्छ पाण्यात जंतू टाकून बघितलं तर पातळ केलेलं बीटाडीन घट्ट बाटलीपेक्षा लवकर मारतं, हे १९८० च्या दशकातच छापून आलेलं आहे.

पण जखम म्हणजे स्वच्छ पाणी नाही. तिथे रक्त, पू, मेलेली कातडी हे सगळं आयोडीन खाऊन टाकतं. पातळ केलेल्याचं काउंटर भरलेलं पण गोडाऊन रिकामं, त्यामुळे ते दोन मिनिटांत संपतं आणि घट्टवालं टिकतं. टक्के हे गोडाऊनचं माप आहे, वेगाचं नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

टिंचर आणि ल्युगॉलमध्ये धरून ठेवणारं पोव्हिडोनच नाही, त्यामुळे मोकळं आयोडीन भरपूर, वेग जास्त आणि कातडीला त्रासही जास्त.

५. मग घरीच पाणी घालून वापरू का? लवकर मारतं म्हणालात की.

म्हणाले, आणि तरी नको म्हणतेय. एक तर प्रश्न ४ मधलं गोडाऊनचं कारण. दुसरं म्हणजे घरातलं पाणी, घरातली वाटी, आणि केलेलं पातळ मिश्रण टाकून न देता झाकण लावून ठेवायची आपली सवय. आयोडीनच्या बाटलीत जंतू जगतच नाहीत हा समज अमेरिकेत १९८० च्या दशकात मोडला, कारखान्यातूनच सीलबंद आलेल्या पोव्हिडोन आयोडीनमध्ये सुडोमोनास जातीचे जिवंत जंतू सापडले आणि पेशंटना इन्फेक्शन झालं. सीलबंद बाटलीची ही गत तर वाटीत उघड्या ठेवलेल्याची काय असेल.

डॉक्टरांनी स्वतः सांगितलं असेल, अमुक इतकं सलाइनमध्ये घालून ड्रेसिंग करा किंवा टबात बसा, तर त्यांनी सांगितलं त्याच मापाने करा, ताजं करा, उरलेलं ओता. गरम पाण्यात घालू नका, आयोडीन उडून जातं.

६. गुडघा खरचटलाय, घरात टिंचर पण आहे आणि बीटाडीन पण. कुठलं लावू?

आधी वाहत्या पाण्याखाली धरा आणि साबणाने माती काढा. लोक हेच करत नाहीत, मातीवरच औषध ओततात, आणि मग आयोडीन मातीशीच भांडत बसतं. मग पोव्हिडोन, ५% असो की १०%, साध्या खरचटण्याला दोन्ही ठीक.

टिंचर उघड्या मांसावर नको. लहानपणी आईने लावलेलं आठवतंय ना, बोंबलत अंगणभर पळायचो आणि मागून कोणीतरी फुंकर घालत यायचं? ते चरचरणं औषध लागू पडल्याची खूण नव्हती, ते अल्कोहोल होतं. टिंचर हे सलग कातडीसाठी, म्हणजे सुई टोचायच्या आधी वगैरे. ऑपरेशनच्या आधी कातडीला टिंचर लावायची पद्धत ग्रोसिक नावाच्या सर्जनने १९०८ मध्ये रूढ केली, तेव्हा ते मोठं पाऊल होतं, पण ते सुद्धा अखंड कातडीसाठीच.

लावलं की दोन मिनिटं थांबा, सुकू द्या, मग पट्टी. घाई केली तर काय होतं ते मी स्वतःवर करून बघितलंय. विळीवर बोट कापलं, दुकानात गर्दी, बीटाडीनमध्ये थबथबलेला कापूस तसाच ठेवून वरून चिकटपट्टी गच्च आवळली आणि संध्याकाळपर्यंत विसरले. सोडलं तर कापलेली चीर बारीक आणि तिच्या शेजारी फोड हा एवढा. ओलं आयोडीन कोंडून ठेवलं की कातडी भाजते, आणि हे मी रोज दहा जणांना सांगत होते.

जखम भरायला लागली, गुलाबी दिसायला लागली की रोज रोज आयोडीन नको. ते नव्या पेशींनाही सोडत नाही.

७. कुत्रा चावलाय, बीटाडीन लावलं, मग इंजेक्शन टाळता येईल का?

नाही. चावलेली किंवा नखाने ओरखडलेली जागा साबण आणि वाहत्या पाण्याने पूर्ण १५ मिनिटं धुवायची, घड्याळ लावून, मग पोव्हिडोन आयोडीन, आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी दवाखाना. आयोडीन रेबीजचा विषाणू मारतं हे खरं, पण पोचेल तिथला. आत गेलेल्याचं काय? हळद, चुना, तिखट काही लावू नका.

८. ७.५% वालं आहे घरी, हात चोळलं की फेस येतो. ५ आणि १० च्या मधलं म्हणजे जखमेला बरोबर ना?

ही आकड्याने केलेली सगळ्यात मोठी फसवणूक. ७.५% हे मधलं नाही, ते वेगळंच आहे. त्याला सर्जिकल स्क्रब म्हणतात, त्यात साबणासारखा पदार्थ असतो, ऑपरेशनच्या आधी सर्जन कोपरापर्यंत हात घासतात ते. उघड्या जखमेत, डोळ्याजवळ, कानात, तोंडात ते जाऊ द्यायचं नाही. बाटली तीच, रंग तोच, झाकण सुद्धा सारखंच दिसतं, म्हणून "स्क्रब" हा शब्द बघा. एक काकू तीन दिवस नातवाच्या पायावर हेच लावत होत्या आणि "औषध धुतलं जात नाही, फेसच येतोय" म्हणून तक्रार घेऊन आल्या होत्या.

९. गुळण्यांचं बीटाडीन संपलं. साध्या १०% मध्ये चौपट पाणी घातलं की २% झालंच की!

गणित बरोबर, औषध चूक. जखमेच्या सोल्यूशनमध्ये बाकी काय काय मिसळलंय ते तोंडात जाण्यासाठी ठरवलेलं नसतं. कोरोनाच्या काळात गुळण्यांच्या बाटल्या मिळेनात तेव्हा हा उद्योग खूप जणांनी केला. गुळण्यांचंच घ्या, लेबलवर निम्मं पाणी घालायला सांगितलं असेल तर तेवढंच घाला, अर्धं मिनिट गुळगुळ करून थुंका. गिळायचं नाही. ज्या मुलाला थुंकता येत नाही त्याला द्यायचंच नाही. थायरॉईडवाल्यांनी रोज महिनोन् महिने करू नये, का ते प्रश्न ११ मध्ये.

१०. बाटली जुनी आहे, रंग उतरलाय / उलट गडद झालाय. काय समजायचं?

पोव्हिडोनचा रंग गडद चॉकलेटी असतो. तो पिवळट, मग पाण्यासारखा झाला म्हणजे आयोडीन संपलं, टाकून द्या. ही खूण जखमेवर पण चालते, पट्टी सोडल्यावर कापूस पांढुरका झालेला दिसला तर तिथलं आयोडीन केव्हाच खर्च झालंय.

टिंचरचं मात्र वेगळंच. झाकण सैल राहिलं की अल्कोहोल उडतं, आयोडीन मागे राहतं, आणि बाटली जुनी होईल तशी जास्त कडक होत जाते. आजोबांच्या कपाटातलं तळाशी दोन बोटं उरलेलं दाट टिंचर हे आता २% राहिलेलं नाही, किती झालंय ते कोणी सांगू शकत नाही आणि त्याने कातडी भाजू शकते. फेकाच. टिंचर काचेच्या तपकिरी बाटलीत आणि घट्ट झाकणात ठेवायचं, स्टीलच्या वाटीत ओतून ठेवू नका, आयोडीन धातू खातं.

११. मला थायरॉईड आहे / मी गरोदर आहे / बाळ दहा दिवसांचं आहे. लावलं तर चालेल?

एकदा छोट्या खरचटलेल्यावर लावलं म्हणून काही होत नाही. प्रश्न आहे तो रोज, खूप जागेवर, खूप दिवस लावण्याचा. कातडीतून, आणि उघड्या जखमेतून तर जास्तच, आयोडीन रक्तात जातं.

हिशोब बघा म्हणजे अंदाज येईल. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं. १०% पोव्हिडोनच्या एका मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम, म्हणजे १०,००० मायक्रोग्रॅम. एक मिलिलिटर म्हणजे दोन महिन्यांहून जास्त दिवसांचं रेशन! सगळं आत जात नाही, पण त्यातलं थोडं गेलं तरी कमी नाही.

मोठ्या माणसाचं थायरॉईड बहुतेक वेळा हे सांभाळून घेतं. नवजात बाळाचं घेत नाही, त्याचं काम मंदावू शकतं, आणि ते वय मेंदू वाढण्याचं असतं. म्हणून तान्ह्या बाळाला, खास करून दिवस भरायच्या आधी जन्मलेल्याला, नाळेला किंवा कुठेही डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय आयोडीन नको, आणि बाळ-बाळंतिणीच्या बाबतीत सासूबाई, शेजारच्या मावशी आणि मी, तिघींपैकी कोणाचंच ऐकू नका. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी पण रोजचा वापर विचारूनच करायचा. लिथियमच्या गोळ्या चालू असतील किंवा थायरॉईडचा स्कॅन, रेडिओआयोडीनची ट्रीटमेंट ठरली असेल तर आधी सांगा, नाहीतर तपासणीच चुकीची येईल. मोठ्या भाजलेल्या जागेवर आयोडीन नाही, याच कारणाने.

१२. मला कोळंबी चालत नाही, अंगावर पित्त उठतं. म्हणजे आयोडीनची अ‍ॅलर्जी असणार, बरोबर?

नाही. कोकण-गोव्याकडून हा प्रश्न हटकून येतो. कोळंबी, खेकडे, तिसऱ्या यांची अ‍ॅलर्जी असते ती त्यांच्यातल्या प्रोटीनची, ट्रोपोमायोसिन म्हणतात त्याला. आयोडीन तर तुमच्या मिठात पण आहे, ते रोज खाताच ना. तुम्ही बिनधास्त बीटाडीन लावू शकता.

बीटाडीनने लाल होणं, खाज येणं हे होतं, पण ते बहुतेक वेळा प्रश्न ६ मधलं ओलं कोंडून ठेवण्याचं प्रकरण असतं. क्वचित खरी अ‍ॅलर्जी असते, ती बऱ्याचदा पोव्हिडोनची निघते. पूर्वी एकदा अंगभर पुरळ किंवा धाप लागली असेल तर अर्थातच पुन्हा लावू नका आणि प्रत्येक डॉक्टरला सांगा.

१३. वरून अजून काही लावलं तर? लाल औषध, पेरॉक्साइड, सॅव्हलॉन, हळद?

लाल औषध, म्हणजे शाळेच्या पेटीतलं मर्क्युरोक्रोम, आणि आयोडीन एकत्र अजिबात नाही. त्यात पारा असतो, पारा आणि आयोडीन मिळून कातडीला जाळणारा पदार्थ तयार होतो. हायड्रोजन पेरॉक्साइड, चांदीचं मलम यांच्यासोबतही नको, दोघं एकमेकांचं काम बिघडवतात. सॅव्हलॉनने धुतलं असेल तर पाण्याने साफ करून मग आयोडीन, दोन्ही एकावर एक ओतून ताकद दुप्पट होत नाही. हळदीबद्दल एवढंच की दोन रंगांखाली जखम लाल होतेय का पू धरतोय ते दिसत नाही, आणि ते दिसणं महत्त्वाचं. आणि आयोडेक्स हे स्नायू दुखण्याचं मलम आहे, नाव सारखं आहे म्हणून कापलेल्यावर लावू नका, हो, लावलेलं बघितलंय मी.

१४. गोठ्यात वासराच्या नाळेला ७% वापरतो. तेच माणसाला चालेल का? आणि सडांना लावायचं ते कुठलं?

माणसाला ७% नको, उघड्या जखमेला तर नाहीच. वासराच्या नाळेला ते चालतं कारण तिथे जंतूही मारायचे आणि अल्कोहोलने नाळ लवकर सुकवायचीही असते, म्हणून नाळ त्यात पूर्ण बुडवतात, वरवर शिंपडत नाहीत. वासरू जन्मल्यावर जितक्या लवकर तितकं बरं.

सडांचं गणित वेगळं. धार काढून झाली की सड बुडवायचं द्रावण साधारण ०.५ ते १% खऱ्या आयोडीनचं असतं, म्हणजे ५,००० ते १०,००० पीपीएम, आणि त्यात ग्लिसरीनसारखं काहीतरी असतं म्हणजे सड फुटत नाहीत. नाळेचं ७% सडांना लावलं तर सड सोलतात आणि गाय पुढच्या धारेला लाथ मारते, तिची काय चूक. काही बाटल्या तयार असतात, काहींत पाणी घालायचं असतं, इथे मात्र लेबल सांगेल तेवढं पाणी घालायचंच, प्रश्न ५ इथे लागू नाही. धार काढल्यावर सडाचं तोंड अर्धा तास तरी उघडं राहतं, म्हणून बुडवून झालं की पुढ्यात वैरण टाका, जनावर उभं राहील, शेणात बसणार नाही, दगडीचा, म्हणजे कासेला सूज येण्याचा, धोका तेवढा कमी. आणि पुढच्या धारेआधी सड पुसून घ्या, नाहीतर ते आयोडीन दुधात.

१५. ल्युगॉल मग कशासाठी? रोज दोन थेंब पाण्यातून घ्या असं व्हिडिओत सांगतात.

नका घेऊ. एका थेंबात, म्हणजे ०.०५ मिलिलिटरमध्ये, एकूण आयोडीन सहा मिलिग्रॅमच्या वर असतं, रोजच्या गरजेच्या चाळीसपट. दोन थेंब रोज म्हणजे थायरॉईड बिघडवायचा स्वस्तातला मार्ग. ल्युगॉल थेंबाने पोटात देतात ते काही ठरावीक पेशंटना, थायरॉईडच्या ऑपरेशनच्या आधीचे मोजके दिवस, डॉक्टरांच्या नजरेखाली.

बाकी त्याचं काम रंगाचं जास्त. गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी करताना ल्युगॉल लावतात, निरोगी पेशींत ग्लायकोजेन असतं, त्या गडद तपकिरी होतात, संशयास्पद जागा मोहरीसारखी पिवळी राहते आणि डॉक्टरांना नुसत्या डोळ्यांनी दिसते. ज्यांची ही तपासणी झालीय त्यांना दोन दिवस तपकिरी डाग पडतात, घाबरू नका. आणि शाळेत बटाट्याच्या फोडीवर थेंब टाकून निळंकाळं करायचं ते आयोडीन पण ल्युगॉलचंच पातळ भावंड.

१६. ट्रेकला पाणी शुद्ध करायला बीटाडीन टाकलं तर?

बीटाडीन नाही. गरज पडलीच तर साधं २% टिंचर, गाळलेल्या स्वच्छ पाण्याला लिटरला ५ थेंब, गढूळ असेल तर १०, आणि अर्धा तास थांबायचं, पाणी गार असेल तर अजून जास्त. ५ थेंब म्हणजे लिटरमध्ये ५ मिलिग्रॅम, प्रश्न ११ मधला आकडा आठवा, त्यामुळे हे एखाद्या अडलेल्या दिवसासाठी आहे, रोजच्यासाठी नाही, आणि गरोदर किंवा थायरॉईडवाल्यांसाठी तर नाहीच. क्रिप्टोस्पोरिडियमसारखे काही परजीवी याने मरत नाहीत. स्टोव्ह असेल तर सरळ उकळा.

१७. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी डोळ्यात ५% आयोडीन घातलं होतं. माझ्याकडचं पण ५%च आहे, डोळे आलेत, एक थेंब घालू?

नको, नको, नको. आकडा सारखा, वस्तू वेगळी. डोळ्यासाठीचं ५% निर्जंतुक करून वेगळं बनवलेलं असतं, ऑपरेशन टेबलवर डोळा आधी बधिर करतात, मोजून वेळ ठेवतात आणि धुवून काढतात. घरच्या बाटलीत त्यातलं काहीच नाही. चुकून उडालं तर भरपूर साध्या पाण्याने धूत राहा आणि डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा.

१८. मुलाकडे अमेरिकेत आलोय, इथे ७% टिंचर मिळेना, दुकानदार संशयाने बघतो!

संशयाचं कारण आहे. आयोडीन वापरून तिकडे मेथ नावाचं ड्रग बनवायचे, म्हणून २००७ पासून २.२% पेक्षा जास्त आयोडीन असलेल्या द्रावणांवर त्यांचं कडक नियंत्रण आहे. २% टिंचर त्या रेषेच्या खाली बसतं म्हणून ते मिळतं. पोव्हिडोन १०% पण सहज मिळतं, कारण खरं आयोडीन १%च, प्रश्न २. तसंही घरात ७% लागतं कशाला, गोठा आहे का मुलाकडे?

१९. कपड्यावर सांडलं! डाग जाईल का?

जाईल, आणि घरातच उपाय आहे. व्हिटॅमिन सीची गोळी चुरून थोड्या पाण्यात विरघळवा आणि डागावर टाका, बघता बघता तपकिरी रंग उडतो, आयोडीनचं आयोडाइड होतं आणि त्याला रंगच नसतो. लिंबाने पण थोडंफार होतं पण गोळीची सर नाही. फोटोवाल्यांचा हायपो असेल तर तोही चालतो. मग नेहमीसारखं धुवा. हाच प्रयोग जखमेवर करू नका हं, औषधच मरेल.

खळ घातलेल्या सुती साडीवर सांडलं तर डाग तपकिरी न येता निळाकाळा येतो, शाईसारखा, आणि लोक घाबरून फोन करतात की औषधात भेसळ आहे. भेसळ नाही, खळीत स्टार्च असतो, बटाट्याच्या फोडीवर होतं तेच. त्याला पण तीच गोळी. ५०० ची एक पुरते, चघळायची केशरी असेल तर आधी पदराच्या आतल्या बाजूला लावून बघा, नाहीतर तिचाच रंग बसेल.